आठ सेलांची पंगत

फार फार वर्षांपूर्वी एक गाव होतं. नक्की किती वर्षांपूर्वी, ते मला विचारू नका. त्या काळी राजाच्या गाड्या बॅटरीवर चालत आणि मोडल्या की वेशीबाहेर टाकून दिल्या जात, एवढंच मला ठाऊक आहे. मधल्या काळात लोक हे सगळं विसरले असतील आणि पुन्हा शिकले असतील. गोष्ट गोंधळाची आहे. मलाही ती दोनदा ऐकावी लागली होती. तेव्हा लहानांनी पुढे सरका आणि मोठ्यांनी, कळलं नाही तर उगाच माना डोलवू नका.

गावाशेजारून मोठी नदी वाहायची. घाटावर एकच होडी होती आणि ती वल्हवायची एक नावाडीण. चाळीस वर्षं तिने गावाला ऐलतीर-पैलतीर केलं. मग एका थंडीत तिचा उजवा खांदा धरला, तो सुटलाच नाही. वल्हं उचलेना.

पंचांनी तिला बोलावलं. पाटील म्हणाले, "देवीच्या जत्रेपर्यंत मुदत. त्या दिवशी आम्ही पाच जण तुझ्या होडीत बसू. पलीकडं जाऊन परत आलो, तर घाट तुझा. न्हाईतर घाट पैलतीरच्या तरण्या नावाड्याला देऊ."

बाईला मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. घाट गेला तर कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन पडायचं, एवढंच उरणार होतं. त्याची तिला भारी भीती वाटायची.

तिच्या शेजारी एक कारागीर राहायचा. हुशार माणूस, पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याने टाकलेल्या गाड्यांमधून एक मोटर काढली, आठ लिथियमचे सेल काढले आणि घरीच बॅटरी बांधली. मोटर फिरवायला आठांचा जोर एकत्र लागायचा, म्हणून त्याने सेल एकामागे एक ओळीत जोडले. वर एक राखणदार पट्टी बसवली. कारण लिथियमचा सेल मोठा तापट. जास्त भरला तर पेट घेतो आणि पार रिता झाला तर कायमचा बसतो. म्हणून पट्टीचं काम एवढंच, की आठांतला एक जरी भरला तरी सगळ्यांचं भरणं थांबवायचं, आणि एक जरी संपला तरी सगळ्यांचं चालणं थांबवायचं.

पहिल्याच दिवशी होडी ऐटीत निघाली आणि नदीच्या मधोमध थांबली.

नावाडणीने डाव्या हाताने बांबू रेटत ती कशीबशी काठाला लावली. कारागिराने बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. बॅटरीत अर्ध्याहून जास्त शिल्लक! त्याने मीटर झटकला, पुन्हा लावला. तेच.

"मावशी, बॅटरी तर भरलेली आहे," तो म्हणाला.

"मग थांबली कशाला?"

त्याने मोटर उघडली, तारा बदलल्या, नदीला ओढ जास्त आहे असंही एकदा म्हणून पाहिलं. मग बॅटरी चार्जरला लावली, तर घटकाभरात भरणं थांबलं. म्हणजे भरायला वेळ लागत नाही आणि पुरायला पुरत नाही. मग ही बॅटरी भरते तरी कुठे? तो डोकं धरून बसला. तुम्हीही बसला असतात.

तिसऱ्या दिवशी त्याला सुचलं, की एकेक सेल वेगळा मोजावा. सातवा सेल अगदी खाली गेलेला. "सापडला चोर!" असं म्हणून त्याने सातवा काढून फेकला. त्या जागी नवाकोरा सेल आणला, तो वेगळा चार्जरला लावून काठोकाठ भरला आणि ओळीत बसवला. मग सगळी बॅटरी रात्रभर चार्जरला ठेवून तो निवांत झोपला.

सकाळी होडी पहिल्यापेक्षाही लवकर थांबली.

आता मात्र त्याचं डोकं चालेनासं झालं. दुबळा काढला, तगडा घातला आणि काम बिघडलं! हे कसलं गणित? तीन दिवस त्याने सेलांच्या जागा बदलल्या. पहिला शेवटी नेला, शेवटचा मधे आणला. काहीही फरक पडला नाही. जत्रेला चार दिवस राहिले. शेवटी त्याने पक्कड उचलली आणि म्हणाला, "या राखणदार पट्टीचीच काहीतरी खोड आहे. काढूनच टाकतो हिला."

"आरं, पेटंल म्हनला व्हतास न्हवं?" नावाडीण म्हणाली. "माझ्या होडीत मानसं बसत्यात. ठेव ती पक्कड. आधी जेवाय चल, देवीची पंगत बसली."

त्या गावच्या पंगतीची एक रीत होती. पंगतीतला पहिला माणूस उठला की सगळ्यांनी उठायचं. बसून राहणं हा देवीचा अपमान. आता त्या पंगतीत एक पहिलवान होता. त्याचं जेवण म्हणजे चार घास की भाताचा ढीग गायब. तो ढेकर देऊन उठला आणि सगळी पंगत उठली. वाढपी ओरडला, "पाच पातेली भात उठला! सगळी तृप्त!"

कारागीर हात धुवायला निघाला आणि त्याची नजर शेजारी गेली. नावाडणीच्या पत्रावळीत भात तसाच होता. तिला दात नव्हते. एकेक घास ती किती वेळ घोळवायची.

"मावशी, तुम्ही जेवलाच नाहीत?"

"कवा जेवले? पंधरा वर्सं अशीच उठते मी."

कारागीर पंधरा वर्षं तिच्या शेजारीच बसत होता. त्याला लाज वाटली, इतकी की त्याला तिच्याकडे बघवेना. खाली बघतच तो म्हणाला, "मग उपाशी राहता?"

"न्हाई रं. आमी समद्या म्हाताऱ्या आदी माझ्या घरी जमतो. एकच पातेलं मधी ठेवायचं, भवतीनं बसायचं, सावकाश खायाचं. कुनी आदी उठायचं न्हाई. समद्यांची पोटं सारखी भरली की मग पंगतीला येतो. मग पयलवान कवाबी उठू दे."

कारागीर तिथेच उभा राहिला. मग तसाच उष्ट्या हाताने घराकडे पळाला.

त्याचा नवा सेल हाच पहिलवान होता! तो आधीच भरलेला, म्हणून चार्जर लागताच पट्टी सगळ्यांना उठवायची आणि बाकीचे सात अर्धपोटी राहायचे. आणि फेकलेला सातवा चोर नव्हताच, तो मावशीसारखा उपाशी उठलेला; तो संपला की पट्टी सगळ्यांना थांबवायची.

त्याने ओळ मोडली. एकेक सेल वेगळा थोडाथोडा भरून सगळ्यांचे आकडे जवळजवळ आणले. मग सगळी अधिक टोकं एका तांब्याच्या पट्टीवर, सगळी उणे टोकं दुसऱ्या तशाच पट्टीवर, असे आठही शेजारीशेजारी जोडले आणि एका सेलाला पुरेल एवढाच विजेचा दाब ठेवून अगदी सावकाश भरले. त्याला दोन दिवस लागले. तो सारखा जाऊन मोजायचा आणि पुन्हा चुकलंय की काय म्हणून घाबरायचा. तिसऱ्या दिवशी आठही सेलांवर एकच आकडा आला. मगच त्याने ते पुन्हा ओळीत जोडले आणि राखणदार पट्टी जागच्या जागी बसवली.

जत्रेच्या दिवशी पाच पंच होडीत बसले. मधोमध आल्यावर कारागिराने डोळे मिटून घेतले. होडी पलीकडे गेली आणि परत आली.

पाटील उतरता उतरता म्हणाले, "दुबळा सेल कंचा व्हता म्हनं?"

"सगळेच बरे होते, पाटील," कारागीर म्हणाला. "भरले सारखे नव्हते."

पाटलांना काही कळलं नाही, पण घाट नावाडणीकडे राहिला. सातवा सेलही कारागिराने उकिरड्यावरून शोधून आणला, सावकाश भरला, आणि तो अजून तिच्या घरचा दिवा लावतो.

पंगतीची रीत मात्र बदलली नाही. देवीच्या रीती अशा बदलत नसतात. फक्त आता कारागीर पहिलवानाच्या शेजारी बसतो आणि त्याच्या धोतराचा सोगा गुडघ्याखाली घट्ट दाबून धरतो. म्हातारीचा शेवटचा घास होईपर्यंत तो काही सुटत नाही.

तात्पर्य : एकूण बेरीज पुरेशी दिसली, म्हणून प्रत्येकाला पुरलं असं समजू नये.