दिएपने न मारलेली उडी

‘पडलीस तर चूक तुझी. टेबलाची कधीच नसते.’

व्हिएतनाममधल्या एका नदीकाठच्या गावातून दिएप नावाची लहानगी जिम्नॅस्टिक्स शिकायला हनोईला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला हा नियम सांगण्यात आला. सांगणारे होते तिचे प्रशिक्षक हुआन. सगळ्या मुली त्यांना ‘थाय’ म्हणत. थाय म्हणजे गुरुजी. या नियमाचे कारण विचारायचे नसते, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकले.

दिएपने विचारले नाही. तिला सवड कुठे होती? जिवाच्या आकांताने धावायचे, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आदळायचे, व्हॉल्टच्या टेबलावर तळवे टेकून स्वतःला हवेत भिरकावून द्यायचे आणि गिरक्या घेत पलीकडच्या गादीवर खांबासारखे उभे राहायचे. या खेळाने तिला वेड लावले. मनगटे सुजली, गुडघे सोलवटले, पण पोर हटली नाही. उंची मात्र बेताचीच राहिली. टेबलाशी उभी राहिली की तिची हनुवटी बरोबर त्याच्या कडेवर बसायची. रोज सकाळी ती तशी हनुवटी टेकवायची, डोळे मिटायची आणि मनातल्या मनात अख्खी उडी मारून घ्यायची.

मग परदेशातल्या स्पर्धा सुरू झाल्या. मनिला, दोहा, बाकू. कधी चौथी आली, कधी पाचवी. पदक दर वेळी हुलकावणी देऊन गेले. विशी ओलांडली तशा पथकातल्या धाकट्या मुली तिला ‘आजी’ म्हणू लागल्या. आजी, टेबलापर्यंत सायकलरिक्षा बोलावू का, असे विचारायच्या. तीही हसायची. पण त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेनंतर पथकातली आपली जागा जाणार, हे तिला पक्के ठाऊक होते. त्या स्पर्धेत तिने व्हॉल्टची अंतिम फेरी गाठली. आता नाही तर कधीच नाही!

अंतिम फेरी सुरू झाली आणि आक्रीत घडले. पहिली मुलगी पडली. दुसरी गुडघ्यांवर आली. उझबेकिस्तानची ओयदिन तर आदल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होती; तिचे तळवे टेबलावर नीट पोहोचलेच नाहीत आणि ती पाठीवर आपटली. तिच्यामागून गेलेल्या दोघींचीही तीच गत. पोरी घाबरल्या आहेत, असे थाय हुआन म्हणाले. पथकाचे प्रमुख दोआन यांना सगळे ‘बाक’, म्हणजे थोरले काका, म्हणत. आजकालच्या मुलींत दमच उरला नाही, असा निकाल बाकनी देऊन टाकला.

पण इतक्या तरबेज मुली एकीमागून एक पडतात कशा? दिएपची पाळी पुढचीच होती. ती तडक टेबलाशी गेली आणि तिने कडेवर हनुवटी टेकवून पाहिली. टेकेना. तिला मान खाली घालावी लागली. टेबल ठेंगणे होते!

ती पंचांकडे निघाली तसा थायनी तिचा दंड धरला. नियम विसरलीस का, असे त्यांनी दातओठ खात विचारले.

“विसरले नाही, थाय. पण माझी हनुवटी खोटं बोलत नाही,” असे म्हणून तिने दंड सोडवून घेतला.

पंचांनी टेप आणून मोजले. टेबल खरोखरच तीन बोटे खाली बसवले होते. प्रेक्षकांत एकच गलका झाला. माणसे धावली, टेबल भराभर वर चढवले. मग मुख्य पंचांनी जाहीर केले की, उरलेल्या तिघींनी आता नीट बसवलेल्या टेबलावरून उडी मारावी. झालेल्या उड्या झाल्या, त्यांचे गुण कायम.

थायंचा चेहरा उजळला. बाक दोआन तर धावतच खाली आले आणि तिची पाठ थोपटू लागले. वाघीण आहेस, म्हणाले. भारी होत्या त्या सगळ्या पडल्या, उरलेल्या दोघी तुझ्यापुढे कच्च्या. नुसती पायांवर उभी राहिलीस तरी सोने तुझेच.

सोने! दिएपने तळहातांना खडूची भुकटी फासली आणि ती धावपट्टीच्या टोकाशी उभी राहिली. बाजूला ओयदिन पाठीला बर्फ लावून बसली होती. समोरच्या फलकावर तिचे गुण सगळ्यांत खाली झळकत होते.

हिरवा दिवा लागला. दिवा लागल्यावर अर्ध्या मिनिटात धावायचे, नाहीतर शून्य गुण.

दिएपने धावपट्टीवर बसकण मारली.

“ऊठ,” थाय कठड्याआडून दबक्या आवाजात म्हणाले. “वेड लागलंय का तुला? ऊठ, पोरी.”

बाक दोआननी आधी विनवले, मग दरडावले. देशाची आठवण करून दिली, आईबापांचीही दिली. “त्या पडल्या, त्याला तू काय करणार? नशिबाने ताटात वाढलंय, ते मुकाट्याने घे.”

“हे नशीब नाही, बाक. टेबल तीन बोटं खाली होतं.” तिचा आवाज पंचांच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. “त्या पाचजणींना पुन्हा उडी मारू द्या. त्यांच्यानंतर मी मारीन आणि जिंकूनही दाखवीन. त्याआधी नाही.”

हिरवा दिवा विझला. बाक दोआन पंचांकडे पाहू लागले, पंच एकमेकांकडे. फलकावर दिएपच्या नावापुढे शून्य उमटले, तरी ती धावपट्टीवर तशीच बसून राहिली.

तात्पर्य: अंगण वाकडे असेल तर तसे बेधडक सांगावे, आणि ते सरळ झाले की, आपल्याआधी पडलेल्यांनाही पुन्हा नाचू द्यावे.