मुळं फुटलेली शाळा

फार पूर्वी, मुलांना पाय असतात ही बातमी शाळांपर्यंत पोचली नव्हती त्या काळी, एका गावात एक गुरुजी होते. त्यांचा नियम एकच: शाळेत हलायचं नाही. पाय हलला की छडी, मान वळली की छडी. पाढे म्हणताना डोलायचंसुद्धा नाही, नुसते ओठ हलवायचे.

पोरं इतकी गप्प बसत, की चिमण्यांनी त्यांच्या केसांत घरटी बांधली. परगावचे लोक हे नवल बघायला येत. आईबाप तर खूश. पोर घरी आलं तरी कोपऱ्यात बसून राहतं, त्रास म्हणून नाही! पाढे एकालाही येत नव्हते, पण ते विचारतो कोण?

एका संध्याकाळी येसू नावाची लहानगी घरी आलीच नाही. आई शाळेत गेली. येसू आपल्या जागेवर बसलेली. आईनं हात धरून ओढलं, तर पोर उठेना. वाकून बघते तर काय, पोरीच्या तळव्यांना मुळं फुटून जमिनीत गेलेली.

"आये, मी हलले नाही गं," येसू रडत म्हणाली. "खरंच नाही हलले."

आईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं गुरुजींना जाब विचारला. गुरुजी मिशीत हसले.

"शिस्त मुरली म्हणायची, बाई. बाकीच्यांनाही फुटतील. तुमची हुशार, तिला लवकर फुटली."

रात्रभर आई लेकीला धरून तिथंच बसली. सकाळी पोरं आली, मागोमाग गावही जमलं. आईनं गावालाही सोडलं नाही. न हलणारी पोरं हवी होती तर घरातले खांब शाळेत घालायचे होते, म्हणाली. मग गुरुजींकडे वळली.

"एक तर पोरांना आत्ता अंगणात सोडा. नाहीतर त्यांच्या ओळीत, त्यांच्यासारखं बसून दाखवा."

गाव बघत होतं. माघार कशी घ्यायची? गुरुजी मांडी ठोकून बसले.

आईनं कुणाच्या तरी घरून हलगी आणवली आणि वाजवायला लागली. गुरुजींचे डोळे लाल झाले. पण ओरडायचं तर मान हलणार, छडी उगारायची तर हात हलणार. बसले तसेच. इकडे येसूचा अंगठा हलला, मग गुडघा, आणि तटातट मुळं तुटली. पोरगी उडी मारून उठली. चिमण्या घरटी घेऊन पळाल्या. सगळी पोरं अंगणात नाचत सुटली आणि नाचता नाचता त्यांना बेचा पाढा आला. हो, पहिल्यांदाच.

गुरुजींना उठून "चुकलो" म्हणता आलं असतं. नाही उठले. दुपारपर्यंत त्यांना मुळं फुटली, संध्याकाळपर्यंत साल आली.

ते झाड अजून तिथं आहे. पोरं त्याला लोंबकळून पाढे म्हणतात. वारा सुटला की गावातली सगळी झाडं डोलतात. हे एकटं हलत नाही.

तात्पर्य: लेकरांना जागचं हलू न देणाऱ्यानं आधी स्वतः तसं बसून बघावं, आणि वेळेवर उठावं.