पाठीवरचा उजेड

घाटात सडक नव्हती, घरात रॉकेल नव्हतं आणि वाघाला विचारून वाट चालावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. वरच्या वाडीत ठमाई नावाची सुईण होती. तिच्या हातून एकही बाळ दगावलं नाही, असं म्हणतात.

एका श्रावणातल्या अवसेला, दिवेलागणीलाच, कड्याखालच्या वाडीतून लहानू धापा टाकत आला. त्याच्या बायकोचं, चांगुणेचं, बाळ आडवं आलं होतं. ठमाई तशीच उठली. पण पाऊस असा की पलिता पेटवावा आणि तो विझावा. वाट कड्याच्या कडेनं. पाय चुकला की दरी.

उजेड होता तो एकाच ठिकाणी! देवराईत पडलेले कुजके ओंडके आपसूक, हिरव्या चांदण्यासारखे चमकत होते. पण देवाच्या रानातली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा वाडीचा नेम होता.

देवराईच्या तोंडाशी भगत बुधा आडवा आला. "ठमाई, काडी नेलीस तर देव त्या बाळावर कोपंल."

देव ठमाईवर कोपला असता तर तिनं सोसलं असतं, पण बाळावर? ती त्याला वळसा घालून रानात शिरली. मग म्हणाली, "न नेता बी ते मरतंयच की, बुधादा. देवाला सांग, ठमीनं उसनं नेलंय."

तिनं ओंडक्याच्या ढलप्या काढल्या. लहानूनं आपली ढलपी पलित्यासारखी पुढं धरली आणि पहिल्याच पावलाला ठेचकाळला.

"अरं येड्या, ह्यानं वाट दिसत न्हाई, मानूस दिसतंय! पाठीला बांध, आन् माझ्या पाठीकडं बघून चाल."

ठमाई पुढं निघाली. तिच्यापुढं मात्र नुसता काळोख. कड्याच्या वळणावर ती पायानं वाट चाचपू लागली, आणि तेवढ्यात तिला दिसलं, थोडं पुढं एक हिरवी पाठ चालत होती! वळणाला वळत होती, निसरड्यावर थांबत होती.

"कोन रं पुढं?"

पाठ वळली नाही. ओ आली ती मागून, भगताची. "म्या हाय, मागं! तू चाल!" त्यानंही पाठीला ढलपी बांधली होती.

खालच्या वाडीला कड्यावरून चार उजेड उतरताना दिसले. दारात माणसं पोचली तीन.

त्या ढलप्यांच्या उजेडात ठमाईनं बाळ फिरवलं. ते असं रडलं की वरच्या वाडीतली कुत्री भुंकली, असं म्हणतात. भगत बाळाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "कोपला असता, तर पुढं कशाला चालला असता?"

उजाडल्यावर ठमाईनं ढलप्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या.

आजही श्रावणातल्या अवसेला दोन्ही वाड्या पाठीला ढलप्या बांधून तो कडा उतरतात. बॅटरी कुणी आणत नाही. रांगेतली पहिली जागा ठमाईसाठी मोकळी असते. तिच्यामागं त्या वर्षी आई झालेल्या बाया. वळणावर सगळी रांग थांबते, आणि वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई समोरच्या अंधाराला विचारते, "ठमाई, चालायचं का?"

उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. आणि रांग तिथं अडकून पडली, असं अजून तरी झालेलं नाही.