चिकटपट्टी लावलेली कॅसेट

फार जुनी नाही, टेपरेकॉर्डरवर बोटभर धूळ साचावी इतकीच जुनी ही गोष्ट. कपाटावरचा टेपरेकॉर्डर खाली चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला रोज टोचून बोलायचा. "अर्धं गाणं ऐकता आणि पुढे पळता! आमच्या वेळी एकेक गाणं जपून ठेवायचे."

"आजोबा, मग एखादं ऐकवा ना," मोबाइल म्हणाला.

टेपरेकॉर्डरच्या पोटात एक कॅसेट वर्षानुवर्षं पडून होती. त्याने ऐटीत ती सुरू केली. आधी खरखर झाली, मग एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "झालं का गं सुरू, कुंदे? म्हणू का ओवी?" आणि लगेच सिनेमाचं दणदणीत गाणं वाजू लागलं.

"त्यांची ओवी कुठाय?" मोबाइलने विचारलं.

टेपरेकॉर्डरला सगळं आठवलं. तो आवाज कुंदाच्या आत्याबाईंचा होता. त्यांच्या ओव्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून कुंदानेच कॅसेटच्या कडेचा तुकडा तोडला होता. पुढे रेडिओवर नवं गाणं लागलं, तेव्हा सोळा वर्षांच्या त्याच कुंदाने ते त्याच कॅसेटवर भरता यावं म्हणून तुटलेल्या जागी घाईघाईने चिकटपट्टी लावली. ओव्या पुसल्या मात्र टेपरेकॉर्डरनेच, गाण्याच्या तालावर डोलत. "पुसली मी," तो म्हणाला.

"पुन्हा म्हणवून घेऊ या ना त्यांच्याकडून," मोबाइल म्हणाला.

"त्या त्याच वर्षी गेल्या," टेपरेकॉर्डर पुटपुटला.

गाणं चालूच होतं. निदान आज तरी मोबाइलनं पुढे पळावं, असं टेपरेकॉर्डरला फार वाटलं. पण मोबाइल ते शेवटपर्यंत ऐकत राहिला.