तपासणी मोफत

“यात जास्त काय आहे, ते तरी सांगा?”

अभिनंदन चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर गाडीच्या बॉनेटवर त्याचा नवा फलक अंथरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार लोखंडी पाने ठेवले होते.

बाबालाल उस्ताद ब्रशने प्लग घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जास्त काही नाही.”

“मग कमी आहे?”

“कमीपण नाही.”

“मग रास्त आहे म्हणा.”

उस्तादांनी प्लगवर फुंकर मारली.

तासगावातल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये अभिनंदननं नऊ वर्षं काढली होती. पाना कसा धरायचा इथपासून सगळं तो इथंच शिकला. दोन वर्षांपूर्वी त्यानं हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि चाकांच्या अलाइनमेंटसाठी कॉम्प्युटरचं मशीन आणलं. तालुक्यात तसं दुसरं नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. मशीन दिवसातून तीन गाड्या बघायचं. बाकी वेळ अभिनंदन त्याच्यावरची धूळ पुसायचा.

आता संधी आली होती. सांगलीच्या वाटेवर प्रवासी नेणाऱ्या वडापच्या बत्तीस गाड्या एकाच गॅरेजला लावायचं ड्रायव्हर लोकांनी ठरवलं होतं. त्यांची अट एकच होती. अभिनंदनचे भाव बाबालाल उस्तादांनी रास्त म्हटले पाहिजेत. उस्तादांनी मान हलवली की बत्तीस गाड्या त्याच्या, नाही हलवली तर एकही नाही.

म्हणून तो सकाळी आठला आला होता आणि उत्तर घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरवूनच आला होता.

“पुन्हा वाचतो,” तो म्हणाला. “ड्राइव्ह शाफ्ट बदलणे, सामानासकट साडेनऊ हजार. सांगलीत बारा घेतात. शाफ्टच्या सांध्यावरचा नुसता रबरी बूट बदलणे, ग्रीससकट नऊशे. अलाइनमेंट पाचशे. आता लपवायचं काय राहिलं यात?”

“खालची ओळ वाच.”

ती ओळ सगळ्यांत मोठ्या, लाल अक्षरांत होती. अभिनंदनला तिचाच जास्त अभिमान होता.

“तपासणी मोफत.”

“हां…” उस्ताद म्हणाले. “फलकावरची सगळ्यात महागाची ओळ हीच आहे.”

अभिनंदन हसला. म्हातारा थकला, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते त्याच्या तोंडावर दिसलंही असावं, पण उस्ताद दुसरा प्लग घासायला लागले होते.

तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी शेडसमोर येऊन थांबली. शालन मगदूम उतरल्या. गावातल्या दवाखान्यांना त्या जेवणाचे डबे पुरवायच्या. अभिनंदनला पाहून त्या जरा घुटमळल्या, पण बाई धीराची. सरळ पुढं आल्या.

“मामा, गाडी डावीकडं ओढती. आणि चाकाच्या आतनं काळं काळं उडालंय. काल दाखवली होती एका ठिकाणी.” त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. “पण एवढं सगळं खरंच कराय लागंल का? तेवढं बघा.”

कागद कुणाचा, हे उस्तादांनी विचारलं नाही. वरच्या बाजूला अभिनंदनच्या गॅरेजचं नाव छापलेलं होतं.

डावा शाफ्ट बदलणे. अलाइनमेंट करणे. एकूण दहा हजार.

अभिनंदनचे कान तापले. स्वतःहून फलक घेऊन यायचं आणि वर हे… हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“उस्ताद, मी आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यातला नाही,” तो म्हणाला. “काल मला तसंच दिसलं होतं.”

“दिसलंच असणार.”

उस्तादांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

उस्ताद उठले. हात पुसले.

“ताई, तपासायचे दोनशे होतील. आधी द्यायचे. काही सापडलं नाही तरी परत मिळायचे नाहीत.”

“तुमची रीत ठाऊक हाय मला,” म्हणत शालनताईंनी दोन नोटा काढल्या.

उस्तादांनी त्या घेतल्या आणि अभिनंदनच्या शर्टाच्या खिशात घातल्या. खिशावरून एकदा हात फिरवला.

“हे काय?”

“तुझी मजुरी मिळाली. आता बघ.”

“उस्ताद, ही गाडी मी कालच…”

“काल तुझा खिसा रिकामा होता. आज बघ.”

अभिनंदननं बाह्या सरसावल्या, जॅक लावला, पुढचं डावं चाक उचललं आणि पोतं अंथरून गाडीखाली शिरला. रागच होता त्याला. आपलंच बरोबर निघालं पाहिजे, या इरेला पेटून तो बघू लागला.

काल त्यानं हीच जागा पाहिली होती. बूट फाटलेला, ग्रीस उडालेलं. शाफ्ट गेला, असं त्यानं उभ्या उभ्या लिहिलं होतं. सकाळपासून ती सहावी फुकट तपासणी होती आणि आधीच्या पाचांतून एकही काम निघालं नव्हतं.

आज त्यानं सांध्यावरचं ग्रीस फडक्यानं पुसलं. बोटावर घेऊन चोळून पाहिलं. खरखर लागली नाही, म्हणजे वाळू अजून आत गेली नव्हती. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून हलवला. सांध्यात जराही खेळ, सैलपणा नव्हता. विश्वास बसेना म्हणून पुन्हा हलवला.

“काय रे?” वरून उस्तादांनी विचारलं.

“शाफ्ट चांगला आहे.”

“मग?”

“नुसता बूट फाटलाय.”

तो बाहेर आला. चाक खाली घेतलं आणि कुणी न सांगता खिळ्यावरची दोरी काढली. मशीन आणण्याआधी नऊ वर्षं त्यानं याच दोरीनं चाकं जुळवली होती. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत त्यानं ती ताणली. एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. चाकं सरळ होती. मग त्यानं टायरला मीटर लावला. डाव्या चाकात हवा बरीच कमी होती.

काल मशीनवर घेण्याआधी हवा बघायची राहून गेली होती. त्यानं ते मनातल्या मनात मान्य केलं आणि त्याला फार वाईट वाटलं. पैसे खायचे असते तर गोष्ट वेगळी. त्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याला जे हवं होतं, ते त्याच्या डोळ्यांनी शोधून दिलं होतं.

“किती होतील?” शालनताईंनी विचारलं. “बाराला डबे पोचायला पायजेत माझे.”

अभिनंदननं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद प्लग घासत होते.

“नऊशे,” तो म्हणाला. “बूट आणि ग्रीस. अलाइनमेंट लागत नाही, हवा भरून देतो. अकराच्या आत गाडी तयार करतो.”

“आणि कालचा कागद?”

“…कालचा कागद माझाच आहे, ताई. चुकला. फाडून टाका.”

शालनताईंनी कागद फाडला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मागच्या बाजूला भाजीची यादी लिहायला हुईल.”

त्यानं काम स्वतः केलं. शाफ्ट उतरवला, सांधा धुतला, नवं ग्रीस भरलं, उस्तादांच्या डब्यातलं नवा बूट चढवून पट्टी आवळली. हवा भरून गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. सरळ रस्त्याला त्यानं स्टिअरिंगवरचे हात जरा सैल सोडले. गाडी सरळ चालली.

पावणेअकराला शालनताई गेल्या. जाताना नऊशे त्यांनी उस्तादांच्या हातात दिले. उस्तादांनी बुटाचे ठेवून घेतले आणि बाकीचे अभिनंदनकडं सरकवले.

फलक अजून बॉनेटवरच होता.

अभिनंदन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. लाल अक्षरं आता त्यालाच डोळ्यांत खुपत होती. त्यानं पेंटचा डबा शोधला, ब्रश बुडवला आणि ‘मोफत’वर काळा पट्टा ओढला. बाजूला लिहिलं, ‘दोनशे. आधी.’ अक्षर काही चांगलं आलं नाही.

“वडापवाले कुरकुर करतील,” तो म्हणाला. “बघायचे पैसे कशाला, म्हणतील.”

“म्हणतील.”

“बत्तीसच्या बत्तीस गाड्या गेल्या तरी ही ओळ आता बदलायची नाही मी.”

उस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. जवळ आले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीवर बोट ठेवत फलक वाचला. ओला पेंट बोटाला लागला, तो लुंगीला पुसला.

“उस्ताद, आता तरी बोला. रास्त आहे का?”

उस्तादांनी हात पुढं केला.

“दोनशे दे.”

“कशाचे?”

“तुझे भाव तपासले. फुकट तपासले असते, तर काहीतरी खोट काढावी लागली असती.”