वेशीवरचे दगड

फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक नियम होता. पलीकडच्या गावाची बोली इथं बोलायची नाही. का, ते विचारायचं नाही.

भांडण डोहातल्या माशांवरून पेटलं होतं. तेव्हापासून पलीकडून लग्न होऊन आलेल्या सुनेला वेशीवर एक दगड ठेवून म्हणावं लागे, "माझी बोली इथं ठेवली." सोनकीच्या आईनंही दगड ठेवला, रांगेतला शेवटचा; आधी ठेवणाऱ्या सुनांपैकी आता कुणी उरलं नव्हतं. ती सोनकीला अंगाई म्हणायची तीसुद्धा नुसत्या सुरात, शब्दांवाचून.

सोनकी वीस वर्षांची झाली आणि आईला ताप भरला. ताप डोक्यात गेला की माणूस सासरची भाषा विसरतो, माहेरची नाही. तीन दिवस आई तेच ते पाच-सहा शब्द बोलत राहिली. सोनकीला एकही कळेना.

वैद्य कपाळाला लेप लावत म्हणाले, "बाई काय म्हणतेय, कुणी सांगेल का?"

ओसरीवर पाटीलआबा बसले होते. सोनकीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तापातली बडबड, पोरी. तिला काय अर्थ असणार?"

चौथ्या दिवशी आई गेली. अंघोळ घालताना बायकांना दिसलं, तिची डावी टाच काळीनिळी पडली होती.

दिवसकार्य आटोपलं. आईचे शब्द सोनकीला गाण्यासारखे पाठ झाले होते. ते घेऊन ती होडीतून पलीकडे गेली. सोनकीच्या गावची बोली समजणाऱ्या एका म्हातारीला तिनं पाणवठ्यावर आई गेल्याचं सांगितलं आणि ते शब्द म्हणून दाखवले. म्हातारीच्या हातातली घागर खाली आली.

"अगं, ती म्हणत होती, टाच बघा, शिंगाळ्या माशाचा काटा आत मोडलाय."

सोनकीला आईची काळीनिळी टाच आठवली.

"आणि तुमच्यात कुणालाच कळलं नाही?" म्हातारी म्हणाली. "तुमच्या पाटलाचं आजोळ आमच्याच आळीत. आठ वर्षांचा होईतो हीच बोली बोलायचा तो!" मग तिनं आपल्या वेशीकडे बोट दाखवलं. तिथंही दगडांची रांग होती. "मासे कधीच खाऊन झाले, बाई. दगड तेवढे उरलेत."

सोनकी तिथं चार महिने राहिली. आईची बोली शिकली आणि परतली.

वेशीवर पाटील आणि पंच वाट पाहत बसले होते. "आल्या का बाईसाहेब आजोळ करून!" एकजण म्हणाला. "दगड ठेव, मग आत ये."

सोनकी पाटलांसमोर उभी राहिली आणि आईचे ते शब्द आईच्याच सुरात बोलली. पाटलांचा हात नकळत स्वतःच्या टाचेकडे गेला.

"तुम्हाला कळलं होतं, आबा."

"नियम होता, पोरी," पाटील पुटपुटले. "मीच मोडला असता तर..."

"तर माझी आई जगली असती."

ती वाकली. रांगेतला शेवटचा, आईचा दगड तिनं उचलला आणि ओच्यात घेतला.

"मी दगड ठेवणार नाही. हाही नेते. उद्यापासून माझ्या अंगणात पोरांना ही बोली शिकवणार. ज्याला अडवायचं असेल, त्यानं आधी माझ्या आईचं शेवटचं बोलणं मोठ्यानं म्हणून दाखवावं."

पंचांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे पाहत होते. सोनकी त्यांच्यामधून चालत घरी गेली. घरात आई नव्हती.

म्हणून सांगते: वैऱ्याची म्हणून जी बोली आपण वेशीबाहेर टाकतो, तिच्यातच कधीतरी आपलं माणूस आपल्याला हाक मारत असतं.