ठिणगीची न दिसणारी लेकरं

एकदा काय झालं, आभाळातलं तेल संपत आलं. तारे म्हणजे तरी काय, दिवेच की. मग तिथल्या राजानं हुकूम सोडला, "लेकरामागे एक पळी तेल. ज्याच्या घरी लेकरू नाही, त्याची वात काढून घ्या."

हे काम आलं केरोबाकडे. केरोबा आभाळातला तेलवाला. खांद्यावर तेलाचा बुधला, हातात पळी. बोलायला गोड, पण मापाला पक्का, बरं का. घरोघर फिरत तो पोचला अगदी कडेच्या ठिणगीकडे. ही एवढीशी तारका, तांबूस, मंद. राख धरलेल्या निखाऱ्यासारखी.

"लेकरं किती, ठिणगीबाई?"

"दोन."

केरोबानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. कुठं काही नाही.

"दिसत तर नाहीत."

"त्यांना स्वतःचा उजेड कुठला? माझ्या उबेवर जगतात. वात काढलीत तर गारठतील हो."

केरोबानं वातीला हात लावला नाही. पण तेलवाल्याला एकच औषध ठाऊक, दिसत नसेल तर उजेड वाढव. त्यानं शेजारच्या थोरल्या ताऱ्याची मशाल आणली. मग काय, डोळे असे दिपले की ठिणगीसुद्धा दिसेना.

"मशाल लावून काजवे शोधता होय?" ठिणगी म्हणाली.

केरोबा ओशाळून हसला. मशाल परत देऊन आला आणि मांडी घालून नुसता तिच्याकडे बघत बसला. मग ज्योत जराशी मंदावली. पुन्हा उजळली. वारा असेल, त्याला वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा मंदावली. मग पुन्हा, तेवढ्याच अंतरानं. वारा कुठला इतका शिस्तीचा? कुणीतरी ज्योतीपुढून फेऱ्या घालत होतं.

थोरल्या ताऱ्यापुढून गेलं असतं तर कळलंही नसतं. धान्याच्या काट्यावर माशी बसली तर कोण बघतो? सोनाराच्या काट्यावर मात्र पारडं हलतं.

"एक सापडलं. दुसरं?"

"ते पुढून जातच नाही. वरून जातं, खालून येतं. द्वाड आहे मेलं."

आता आली पंचाईत. एका पळीत दोघांना ऊब पुरायची नाही. केरोबा बघतच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, ठिणगी स्वतःच हळूच इकडे झुकते, तिकडे झुकते. आणि हा झोका पहिल्या लेकराच्या फेरीशी जुळत नाही.

"बाई, डुलता का?"

"पदर ओढतंय ना ते दुसरं."

केरोबानं दोन पळ्या ओतल्या. थोरले तारे भडाभडा जळून विझतात, पण ठिणगी थेंबाथेंबानं जळते. तिला ते तेल अजून पुरतंय.

मग राजानं विचारलं, "केरोबा, लेकरं डोळ्यांनी पाहिलीस?"

"नाही महाराज. आईकडे बघत बसलो."

राजानं मान डोलावली. ठिणगी आणि तिची लेकरं उबेत राहिली, सुखात राहिली. आता तुम्ही पाय पोटाशी घ्या, पांघरूण ओढा आणि निजा बघू गुमान.